तारामतीच्या नावाचा एक्सरे

आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक्सरे काढणारे गुरुसिद्धप्पा कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. नळदुर्गकडचा माणूस. येरमाळ्याच्या बाजूला बदली होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं मी शेजारच्या खिडकीतून गोळ्या देत त्यांचा छळ सोसतोय. पेशंटला ते कधीच ‘तुम्ही अमुक का?’ असं विचारत नाहीत. साहेबापुढं माणूस कशालाही ‘व्हय’ म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. नाव त्यानं स्वतः सांगायचं, तेही दोनदा. गळ्यातला ताईत काढला म्हणाला, तरी अप्पा मानेमागं बघणारच. कारण धातू फोटोत पांढराशुभ्र उमटतो आणि छातीतला डाग वाटतो. बाईला दिवस गेलेत का, हे सासूला बाहेर घालवून नर्सकडून विचारून घेतात. मला वाटायचं, या माणसाला हाडांपेक्षा भानगडी बघायची हौस जास्त.

गेल्या हिवाळ्यात ते दोन दिवस धाराशिवला प्रशिक्षणाला गेले. परतल्यावर, त्यांच्या जागी दोन दिवस आलेल्या माणसानं काढलेले सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडून बसले. एका फोटोपाशी थांबले आणि मला हाक मारली. तारामती, वय चौसष्ट. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढुरकं धुकं. फुप्फुसात हवा असते, त्यातून किरणं सहज पार जातात, म्हणून ते फोटोत काळं दिसतं. तिथं पांढरं दिसलं की काहीतरी साचलंय. डॉक्टरांना क्षयाचा संशय आला होता. त्यांनी बाईला थुंकी तपासायला आणि वजन करायला बोलावलं होतं, कारण क्षयाच्या गोळ्या वजनावर ठरतात. मला यात काही वावगं दिसेना.

अप्पा त्या धुक्याकडं बघतच नव्हते. त्यांनी गळ्याखालच्या आडव्या हाडावर बोट ठेवलं. त्याचं छातीकडचं टोक अजून जुळलेलं नव्हतं, आणि ते पंचविशीपर्यंत जुळतं. फासळ्यांच्या पुढच्या टोकाच्या कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, म्हातारपणी चुना साठतो, तोही नव्हता. ही म्हातारी विशीच्या आतबाहेरची आहे, म्हणाले. तुमचा संशय आता पार हाडांपर्यंत पोचला, असं मी त्यांना चिडवलं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकलीच.

मंगळवारी तारामती आली. जवळच्या वाडीवरची, मेंढरं राखता राखता वाकलेली बाई. सोबत नात, समृद्धी, तोंडावर ओढणी धरून. म्हातारी काट्यावर चढायला भलतीच उतावीळ होती. काटा अडतीसवर थांबला, तसं अप्पांनी तिला तिथंच गाठलं. नाव विचारलं, वय विचारलं. तिनं दोन्ही बिनचूक सांगितलं. मग एक्सरे कुठल्या खोलीत काढला ते विचारलं. तिनं माझ्या औषधाच्या खिडकीकडं बोट दाखवलं.

अप्पांनी दोघींना आत नेलं. मीही मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर राहवलं नाही.

“आजी, हा फोटो तुमचा न्हाय,” अप्पा म्हणाले.

“माझाच हाय. नाव माझंच हाय की त्याच्यावर.”

“नाव तुमचं हाय. हाडं दुसऱ्याची हायती.”

बाकावरच्या पोरीला खोकला आवरेना, आणि मग सगळं बाहेर आलं. समृद्धीचा साखरपुडा झाला होता, परंड्याच्या पाहुण्यांत. क्षयाचं नाव निघालं तर सोयरीक मोडणार, म्हणून अप्पा नसताना फोटोला नात उभी राहिली, आजीचं नाव सांगून; आजारच आजीच्या नावावर टाकायचा. गोळ्या आजीनं न्यायच्या, नातीनं खायच्या. म्हातारीच्या खोकल्याला कोण विचारतंय, असं तारामती म्हणाली. माझं डोकं फिरलं. तुझं वजन अडतीस किलो, हिचं बघूनच पन्नासच्या वर दिसतंय. गोळ्या कमी पडल्या असत्या, आणि आजार पुढं औषधाला दाद देईनासा झाला असता, असं मी तिला चढ्या आवाजात सुनावलं. अप्पा आवाज न चढवता म्हणाले की पोरीचं नाव दवाखान्याच्या कागदाबाहेर जाणार नाही, पण एका घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागते. आता तुमचा फोटो काढू.

आता संशय घ्यायची पाळी तारामतीची होती. मला काय झालंय, कशाला काढता, मलाच गुंतवायला का, असं पुटपुटत ती उभी राहिली. हनुवटी वर, खांदे पुढं, श्वास रोखून.

पडद्यावर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात पांढरे डाग होते. अप्पांनी तिच्या गळ्यातला दोरा आधीच काढून घेतला होता. तरी तिचा आंबाडा वर बांधायला लावला, पदर झटकायला लावला आणि पुन्हा फोटो काढला. कारणाशिवाय दुसरा फोटो काढायला ते एरवी कधीच तयार होत नाहीत. त्या दिवशी मात्र आपली नजर चुकलेली असावी म्हणून ते धडपडत होते. मला त्यांची फार कीव आली. डाग तिथंच होते.

दोन वर्षांपासून तिला खोकला होता. मिसरीनं होतो, असं ती धरून चालली होती. दोन दिवसांनी थुंकीचे अहवाल आले, दोघींनाही क्षय. दोघी एकाच वाकळंत झोपतात म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, आजार बहुतेक म्हातारीकडूनच पोरीला गेला असणार.

तारामती अप्पांकडं वळली.

“म्हंजी म्या तिच्यावर पांघरूण घालाया आले, अन् तिला दिलं बी म्याच.”

अप्पांनी तिला समजावलं की दोघीही गोळ्यांनी बऱ्या होतील, फक्त सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. मग गोळ्या सुरू करायला त्यांनी कोरा केसपेपर घेतला आणि पोरीला नाव विचारलं. समृद्धीनं आजीकडं पाहिलं. मग स्वतःचं नाव, बापाचं नाव, वाडी, वय एकोणीस, सगळं ठणठणीत आवाजात सांगितलं.

अप्पांनी पुन्हा विचारलं नाही.