पूर्ण एक मिनिट

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी रोज सकाळी घड्याळ बघत आजोबांचं मनगट का धरून बसते? सांगते.

गेल्या वर्षी आजोबा इथे सोलापुरातच दवाखान्यात होते. तिसऱ्या सकाळी कर्नाटक सीमेजवळच्या मंद्रूपकडची एक नर्स त्यांची हृदयाची गोळी घेऊन आली. गोळी देण्याआधी ती त्यांचं मनगट धरून ओठांतल्या ओठांत कानडीत आकडे मोजत राहिली.

मी म्हणाले, "सिस्टर, आठ वाजून गेले. गोळी द्या ना."

तिने मान वर केली नाही. मिनिट संपल्यावर गोळी ट्रेमध्ये परत ठेवली.

"आज्जी, नाडी चव्वेचाळीसच हाय. ही गोळी नाडी उतरवती, साठच्या खाली देत न्हाय. तुमी घरची काय दिली न्हाय न्हवं?"

वेळ पाळण्याचा मला केवढा अभिमान! घरून आणलेल्या डबीतली तीच गोळी मी रोज साडेसातला त्यांना देत होते, आणि आठला दवाखान्याची मिळत होती. क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं. मग डबी तिच्या हातात दिली.

ती रागावली नाही. डॉक्टरांना बोलावून तिने पुन्हा मनगट धरलं. "गोळी द्यायला कुणालाबी येतंय, आज्जी. कवा द्यायची न्हाय, ते शिकावं लागतंय."

पुढचे दोन दिवस नाडीच्या मॉनिटरवरचा आकडा उतरला की मी त्यांचं मनगट धरून मोजायला लागायचे.

तिचं नाव विचारायचं राहून गेलं. आजोबा आहेत. आज सकाळी नाडी अडुसष्ट होती, मगच गोळी दिली.