गवतातली लावरी

मृतांचा दिवस जवळ आला की आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत पावसाळाभर माजलेलं गवत मशीनने कापतात. फुलं वाहिलेल्या कबरीला मात्र मशीन लावायचं नाही. तिथलं गवत घरचे हाताने काढतात, असा आमचा रिवाज.

बाबांच्या कबरीवर हार घालून वळलो, तर पलीकडच्या गवतात एक डोळा दिसला. लावरी होती, अंड्यांवर बसलेली. तिच्या मागचा दगड शेवाळाने काळा पडला होता, अक्षरं झिजली होती. ज्यांची आठवण काढणारं कुणी आहे, त्यांच्यावर गवत टिकत नाही. एवढ्या मोठ्या आवारात तिला आसरा दिला, तो सगळ्यांनी विसरलेल्या या माणसाने.

मशीन दोन रांगांवर आलं. मी ओरडलो, हात हलवले. मशीनवाल्याच्या कानांवर फडकं, नजर पात्यावर. लावरी हलेना. खडे उडून माझ्या पायांना लागायला लागले. मी बाबांवरचा हार उचलला आणि त्या काळ्या दगडावर टाकला.

मशीन थांबलं.

"हे कोण तुमचे?" त्याने विचारलं.

मला नावही वाचता येत नव्हतं. मागे आई येऊन उभी होती. तिने बाबांच्या मोकळ्या कबरीकडे बघितलं, मग हाराकडे, मग वाकून गवतात.

"ह्यांचे शेजारी," ती म्हणाली. "त्यांचं आम्हीच बघतो."