पडद्यावरचा मासा आणि माझी सही

दिवाणी न्यायालयात मी तीस वर्षे लिपिक होतो. साक्ष वाचून दाखवावी, साक्षीदाराने ती बरोबर असल्याचे सांगावे आणि मगच सही करावी, हा क्रम माझ्या हाडीमाशी खिळला आहे. खराडीच्या एका कंपनीच्या कार्यालयात मात्र काहीही पाहण्यापूर्वी एक छापील कागद पुढे आला: ‘मला चित्र पडद्याबाहेर आलेले स्पष्ट दिसले.’ खाली सहीची जागा.

खास चष्मा न लावता त्रिमितीय चित्र दाखवणाऱ्या पडद्याची ज्येष्ठांवर चाचणी होती. त्यासाठी कोथरूडहून दोन बस बदलून आम्ही उभयता आलो होतो.

“काका, सगळे आधीच साइन करतात. नंतर गर्दी होते,” चाचणी घेणारी मुलगी म्हणाली.

“सगळे करतात म्हणून ते वैध ठरत नाही.”

“अहो, पडद्यावरचा मासा बघायला आलोय आपण, खटला चालवायला नाही,” पत्नी म्हणाली. तिची सही झालीही होती.

पडदा उजळताच पत्नीने मान मागे घेतली. “अगंबाई, नाकाला लागेल की हो!”

मला सपाट मासा दिसला, तोही दुहेरी. मुलीने माझी खुर्ची डावीकडे सरकवली, मग उजवीकडे, मग हनुवटी वर करायला लावली.

“आता, काका?”

“आता तीन झाले.”

अखेर ती म्हणाली, “काहींचे दोन्ही डोळे एकत्र काम करत नाहीत, त्यांना हे दिसत नाही. तुमचा फॉर्म बाजूला काढते. असे फॉर्म आम्ही मोजत नाही.”

“म्हणजे विरोधी साक्षीदार वगळायचे आणि दावा सिद्ध झाला म्हणायचे?”

“मी हेच विचारलं होतं, काका,” ती हळूच म्हणाली. “वरून सांगितलं, फॉरमॅट ठरलाय.”

मी छापील वाक्य खोडले, ‘सपाट व दुहेरी दिसले’ असे लिहिले आणि तारीख-वेळेसह सही केली. पत्नी दाराशी उभी राहून पर्सची उघडझाप करत होती. मुलीने माझा कागद हातात धरला, आतल्या खोलीकडे एकदा पाहिले आणि बाजूला न काढता तो मोजायच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला.

अहवालात ती नोंद राहिली का, हे विचारणारी दोन पत्रे मी कंपनीला पाठवली आहेत. ‘सहभागाबद्दल आभार’ एवढेच उत्तर दोन्ही वेळा आले.