क्लच प्लेट आणि भरलेला तांब्या

डुप्लिकेट मालाबद्दल माझ्या बाबांचं मत एका वाक्यात संपतं. "लोखंडाला कानस लागती, मग भ्यायचं कामून?" मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. बॅच नंबर आणि मुदत वाचल्याशिवाय गोळ्यांची पट्टी माझ्या हातातून सुटत नाही. त्यामुळे या एका विषयावर आम्हा बापलेकीचं कधीच जमलं नाही, आणि भांडायला निमित्त पुरवण्याचं काम आमचा ट्रॅक्टर इमानेइतबारे करत आला.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. बाबांनी ट्रॅक्टर घेतला तोच मुळात वापरलेला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कंपनीनं ते मॉडेल बनवणं बंद केलं. मग काय लागेल ते बाजारातलं बनावट. नांदेडच्या दुकानात मालाच्या तीन जाती सांगतात: कंपनी, कंपनीसारखा आणि चालू. पहिला कधी मिळायचा नाही, आणि उरलेल्या दोघांत खोक्याच्या रंगापलीकडे फरक असतो यावर माझा आजही विश्वास नाही. असं आणलेलं डिझेलच्या टाकीचं झाकण इतकं घट्ट निघालं की आत हवाच जाईना आणि ट्रॅक्टर दर अर्ध्या मैलावर बंद पडू लागला. बाबांनी खिळा घेऊन झाकणाला भोक पाडलं. नवा हेडलाइट बसवला तर तो रस्ता सोडून शेजाऱ्याच्या उसात बघायचा. त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, तेव्हा तो वळणावर आला. स्टिअरिंग एका दाताच्या फरकानं बसलं होतं, म्हणून चाकं सरळ असली की ते वाकडं दिसायचं. ते मात्र कुणी दुरुस्त केलं नाही. बाबा म्हणायचे, "माणूस वाकडा बसंल, ट्रॅक्टर सरळ चाललाय न्हवं?"

माझा पारा चढायला एवढं पुरे असायचं. "माझ्या दवाखान्यात असं चाललं तर माणसं मरतील," मी म्हणायचे. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "गोळीला कानस लावता येत न्हाई, माय. लोखंडाला येतंय."

पण त्या ट्रॅक्टरवर हसायची परवानगी घरच्यांनाच होती. कारण तो घ्यायच्या आधी आमच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक मागून आणलेल्या बैलगाडीवर निघायची. गाडीवाला कधी हो म्हणायचा, कधी ऐन वेळी बैलाच्या पायाचं कारण सांगायचा. बाबा तरुणपणी ही मागणी घेऊन दारोदार फिरलेले. ट्रॅक्टर आला आणि त्या वर्षापासून आमची मिरवणूक कुणाच्या दारात उभी राहिली नाही. विहारापासून चौकापर्यंत आणि चौकातून परत, ट्रॉलीत पुतळा, भोवती पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या आणि पुढे बाबा. मला लहानपणी वाटायचं, जयंती म्हणजे बाबांची पाठ.

मिरवणुकीत ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं न्यायचा असतो. दर दहा पावलांवर थांबा, पुन्हा निघा. निघताना धक्का बसला तर पुतळा हलतो आणि म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडतात. म्हणून बाबांची एक परीक्षा होती. जयंतीच्या आधी ते ट्रॉलीत पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचे आणि विहारापासून विहिरीपर्यंत थांबत थांबत जायचे. पाणी सांडलं की ट्रॅक्टर नापास. मग पुन्हा पाने घेऊन खाली झोपायचे.

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर क्लच प्लेट गेली. क्लच प्लेट म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी चकती. इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवायचं काम तिचं. पायाखालचा पेडल हळूहळू सोडला की तिनंही हळूहळू पकडायचं. नांदेडहून आणलेल्या नव्या प्लेटीला हळूहळू ठाऊकच नव्हतं. एक तर ती सोडायची, नाही तर एकदम धरायची. परीक्षेला वेळ मिळाला नाही, आणि भर चौकात ट्रॅक्टरनं असा हिसका दिला की पुतळ्याचं टेबल सरकलं. आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, दोन्ही हातांनी पुतळा धरला म्हणून निभावलं. तिचा चष्मा मात्र खाली पडला आणि फुटला. आत्या ते वर्षभर विसरली नाही आणि तिनं कुणाला विसरूही दिलं नाही.

त्या हिवाळ्यात बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच डाव्या पायाचा. डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर चढायलाच बंदी केली. जयंती जवळ आली तशी विहारात बैठक झाली. माझ्या चुलतभावानं नवाकोरा ट्रॅक्टर घेतला होता आणि पोरांचा सगळा ओढा तिकडे होता. कुणी वाईट बोललं नाही. "काकाच्या ट्रॅक्टरनं लई सेवा केली, आता त्याला आराम द्या," असंच म्हणाले. बाबा नुसते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. मला ते बघवलं नाही.

"आराम कशाला? मी चालवते," मी म्हणाले.

मी शेतात ट्रॅक्टर चालवायला कॉलेजात असतानाच शिकले होते. पण मिरवणूक बाबांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"तांब्या ठेवू," बाबा म्हणाले. "पाणी सांडलं न्हाई तर पोरगी चालविल. सांडलं तर ह्या वर्षीपासून मिरवणूक नव्या ट्रॅक्टरवर. म्या पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

पुढच्या रविवारी, खऱ्या परीक्षेआधीचा सराव म्हणून, मी ट्रॅक्टर काढला. पहिल्याच हिसक्याला तांब्या आडवा झाला आणि ट्रॉलीभर पाणी. मी सगळा दोष प्लेटीला दिला. थोडा माझ्या पायाचाही असेल, पण तो प्लेटीनं सिद्ध करावा.

लातूरला परत आल्यावर मी पेटूनच उठले. दवाखाना सुटला की स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालायची, हा माझा उद्योग झाला. शेवटी बंद व्हायला आलेल्या एका दुकानात, वरच्या फळीवर, धूळ खात पडलेलं खोकं मिळालं. कंपनीचा शिक्का, मॉडेलचा नंबर, आत तेलकट कागदात गुंडाळलेली अस्सल प्लेट. मी खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. इतका आनंद मला नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता. एसटीत ती प्लेट मांडीवर घेऊन बसले, शेजारच्या बाईंनी विचारलं, "ताट हाय का?" मी अभिमानानं हो म्हणाले.

मुखेडच्या रस्त्यावर मिस्त्री चाचांचं गॅरेज आहे. बाबांची आणि त्यांची दोस्ती ट्रॅक्टरइतकीच जुनी, म्हणून बाबाही काठी टेकत सोबत आले. क्लच प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. चाचांनी ते केलं, माझी प्लेट घातली, पुन्हा सगळं जोडलं. मी ऐटीत वर बसले, गिअर टाकला, पेडल सोडला. इंजिन बोंबलायला लागलं आणि ट्रॅक्टर जागचा हलेना. पूर्ण पाय काढला तरी नुसताच आवाज.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "बेटी, तेरी प्लेट एकदम बराबर हाय," ते म्हणाले. "ट्रॅक्टरच आता बराबर राह्यला न्हाई."

मग उलगडा झाला. बाजारातल्या प्लेटी जाड निघायच्या. त्या बसाव्यात म्हणून बाबांनी आणि चाचांनी इंजिनाचं ते जड चाक, ज्याला प्लेट चिकटते, ते लेथवर घासून घेतलं होतं. एकदा नाही, दोनदा. आता अस्सल, पातळ प्लेट आत गेली तर तिला दाबून धरायला काही उरलंच नव्हतं.

माझा तोल गेला. "म्हणजे ज्याचं माप चुकलं ते सोडून बाबा, तुम्ही ट्रॅक्टरच कापत बसलात! आता जगात खरा माल सापडला तर तो ह्याला बसत नाही! शाबास!"

"तवा खरा माल व्हता कुठं?" बाबाही तापले. "कोन आनून देनार व्हतं? मिरवणूक काय तुपल्या खोक्याची वाट बघत थांबली असती?"

"मग आता काय करायचं? अर्धी प्लेट तुमची आन अर्धी माझी?" मी ओरडले. रागात माझी लातूरची भाषा गळून पडते.

बाबा आणि चाचा एकमेकांकडे बघायला लागले, आणि चाचा हळूच म्हणाले, "हो सकता है की."

मी टोमणा मारला होता, त्यांनी तो कामाला लावला. प्लेटीचा मधला भाग माझा ठेवायचा, कारण त्याचे दात गिअरकडे जाणाऱ्या दांड्यावर लोण्यासारखे सरकत होते आणि धक्का खाणाऱ्या स्प्रिंगा खऱ्या होत्या. वरचं पकड घेणारं अस्तर मात्र जाड, बाहेरून आणलेलं, आमच्या घासलेल्या चाकाच्या मापाचं. चाचांनी माझ्या डोळ्यांदेखत त्या अस्सल प्लेटीचं अस्तर धरणाऱ्या रिबिटा उडवल्या. मी तोंड फिरवून रस्त्यावरच्या बकऱ्या बघत उभी राहिले. दवाखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला निलंबित करायला लावलं असतं.

अस्तर नांदेडहून यायला उशीर झाला. प्लेट तयार होऊन ट्रॅक्टर जोडला गेला तो जयंतीच्या दिवशी दुपारी. गॅरेजच्या आवारात पुढे-मागे करून बघितलं, ठीक वाटला. पण तांब्या ठेवायला वेळच राहिला नाही. गावात पोचलो तेव्हा ट्रॉली सजलेली, पुतळा चढवलेला, निळे झेंडे बांधलेले. चुलतभावानं आपला ट्रॅक्टर विहाराच्या मागे तयार ठेवला होता. चांगला पोरगा आहे तो. मला म्हणाला, "ताई, काही झालं तर मी हाय." मला त्याच्या चांगुलपणाचाच राग आला.

मी बाबांना म्हणाले, "परीक्षा राहिली."

"न्हाई राह्यली. आजच घेतो." त्यांनी विहारातून तांब्या भरून आणला, दोघांचा आधार घेत ट्रॉलीत चढले, तांब्या खाली ठेवला आणि आत्याच्या शेजारी बसले. आत्या नव्या पांढऱ्या साडीत, नव्या चष्म्यात. मला म्हणाली, "पोरी, चष्मा नवा हाय. याद ठेव."

मी पेडल दाबला. पाय सोडत गेले, सोडत गेले, आणि कुठेतरी मधेच, मला न सांगता, ट्रॅक्टर चालू लागला होता. मी खाली बघितलं तेव्हा चाक फिरत होतं. मागून घोषणा उठली, हलगी सुरू झाली. दहा पावलं गेलो, थांबलो, पुन्हा निघालो. चौकात, जिथं गेल्या वर्षी घात झाला होता, तिथं मी श्वास रोखून पाय उचलला. काहीच झालं नाही. स्टिअरिंग वाकडं होतं, रस्ता सरळ होता, आणि मला खदखदून हसावंसं वाटत होतं.

मागे वळून बघायची सोय नव्हती. बाबांचा चेहरा कसा असेल, तांब्या कसा असेल, या विचारात पूर्ण मिरवणूक काढली. दिवेलागणीला विहारापाशी परत आलो. इंजिन बंद करून मी उडी मारली आणि ट्रॉलीकडे धावले.

"सांडलं का?"

बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते मागं पसरलेल्या माणसांकडे बघत होते. गाणाऱ्या बाया, नाचून घामाघूम झालेली पोरं, मेणबत्त्या हातात घेतलेल्या लेकी. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अशी असती व्हय गं मिरवणूक?" ते म्हणाले. "इतकी वर्सं म्या निस्ता रस्ताच बघितला. पाठीमागं एवढं असतंय, मला म्हाईतच न्हवतं."

मलाही रडू आलं. पण मी दवाखान्यातली बाई, निकाल लागल्याशिवाय सुटत नाही. "बाबा, तांब्या?"

"आँ? तो बघायचाच राह्यला."

मी ट्रॉलीत वाकून बघितलं. तांब्या उभाच होता, पण आत थेंब नव्हता. मी तो उलटा करून दाखवला.

"पानी व्हय?" आत्या म्हणाली. "ते म्या चौकातच पिऊन टाकलं. घसा कोरडा पडला व्हता वरडून वरडून."

बाबा खाडकन भानावर आले. "चालू ट्रालीत पिलीस, अक्का?"

"मंग काय, उतरून पिऊ?"

"अन् सांडलं किती?"

आत्यानं चष्मा सावरला आणि नव्या साडीचा पदर आमच्यासमोर अंथरून धरला. "हे घे. एक थेंब दावा."

बाबांनी वाकून तो पदर खरोखर तपासला, कडेपर्यंत. मग त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. "पास," ते म्हणाले. "फुडल्या वर्साला दोन तांबे ठेव. एक अक्काला पियाला."