मावशींचा भाजलेला कान

पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले होते, त्या काळात मी जवळच्याच एका क्षयाच्या दवाखान्यात नर्स होते. छातीच्या ऑपरेशनआधी रोग्याच्या रक्तात प्राणवायू किती आहे, हे बघायला आमच्याकडे विलायतेहून एक यंत्र आलं. कानाच्या पाळीला चिमटा लावायचा. त्यात एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला पाळीतून आलेला उजेड टिपणारी चकती. प्राणवायू जास्त तितकं रक्त लाल, आणि तितका काटा वर. दिवा तापायचा, म्हणून थोड्या थोड्या वेळानं चिमटा काढून कान बघायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंत्राच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि त्याचा मला फार तोरा होता.

कुरुळी गावच्या एक मावशी ऑपरेशनसाठी आल्या होत्या. चिमटा लावल्यावर काही वेळानं म्हणाल्या, "पोरी, कान लई भाजतोय गं."

"हलू नका, मावशी. नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

आकडे छान येत होते, मी लिहीत राहिले. चिमटा काढला तेव्हा पाळीवर टरारून फोड आला होता.

डॉक्टरांनी तो पाहिला. "हे कसं झालं?"

मी चिमटा पुसत राहिले. नोकरी जाईल, एवढंच डोक्यात.

मावशीच म्हणाल्या, "ह्या बाई चिमटा काढाया आल्या व्हत्या, साहेब. मीच नगं म्हणलं."

डॉक्टर त्यांनाच नाही नाही ते बोलले. मी मान खाली घालून ऐकत राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. पण फोड चिघळला, पाळीचं भोक बुजलं. त्या कानात कुडी घालणं संपलं.

त्या घरी गेल्यावरही मला चैन पडेना. एका रजेच्या दिवशी एसटीनं कुरुळी गाठली. मावशी ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"मावशी, चूक माझी होती."

"व्हय, ठाव हाय की. तुझं त्वांड बघून दया आली." मग म्हणाल्या, "पर पुन्यांदा कुनी भाजतंय म्हणलं, तर आदी कान बघ."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि मावशींना माफीचं कार्ड लिहिलं. पोस्टात टाकायला ते माझ्याच हातात दिलं. वाटेत मी ते वाचलं. 'चूक आमची होती, तुम्हाला उगाच बोललो,' एवढंच त्यात होतं; माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.