सहा खाटा आणि सातवा गडी

बारामतीतल्या एका कॉलेजात कबड्डीच्या गड्यांसाठी वसतिगृहात सहा खाटा राखून ठेवलेल्या असायच्या. त्या खाटांवर कोण झोपणार, हे बरीच वर्षं माझ्या सांगण्यावर ठरत होतं. मी चौथी शिकलेला माणूस. कबड्डी मी कधी खेळलो नाही, चार पावलं पळालो की मला धाप लागते. तरी हे खरं आहे. आणि त्यातल्या एका वर्षी मी खोटं सांगितलं, तेही खरं आहे. ते खोटं माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाच्या वाट्याला आलं. बायको जाऊन आठ महिने झाले. तिला मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. भावाला तरी सांगावं म्हणून गेल्या आठवड्यात इंदापूरला जाऊन आलो.

माझा धंदा चुना मारायचा. घर, देऊळ, शाळा, मशिदीची भिंत, बोलावतील तिथं जायचं. चुना घरात असतोय म्हणून एका साली गावच्या तरुण मंडळानं मैदान आखायला मलाच धरून नेलं. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, रेघा मारल्या, त्या सरळ आल्या. तेवढ्यावर माझं नाव झालं. पुढं जत्रा असो नाहीतर उरूस असो, लोणी भापकरपासून डाळजपर्यंत कुठं सामने ठरले की मला सांगावा यायचा. सायकलला मागं चुन्याच्या फक्कीचं पोतं बांधायचं आणि निघायचं.

मैदान आखणाऱ्याला सामने संपेपर्यंत हलता येत नाही. दर सामन्यानंतर रेघा पुसलेल्या असतात, त्या परत ओढाव्या लागतात. लोक सामना बघायचे, मी सामना झाल्यावरची माती बघायचो. चढाईला गेलेल्या गड्याला पलीकडच्यांच्या हद्दीत एक रेघ ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. कच्चा गडी ती रेघ घासत जातो, तिथं हातभर पांढरं पसरलेलं असतं. पक्क्या गड्याच्या पायाखाली रेघ अंगठ्याएवढी तुटते. पकड करणाऱ्याचं टाचेवरनं कळतं. कोपऱ्यात टाचेचा खोल खड्डा पडला असला की समजायचं, हा रोवून उभा राहतो. आणि पहिल्या सामन्याला सगळेच चांगले असतात. मी तिसऱ्या सामन्यानंतरची रेघ बघायचो. दम सरला की पाय घासायला लागतो.

हे मी कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. कॉलेजचे खेळाचे सर एका सामन्याला आले होते. मी रेघ ओढताना माझ्याशीच बडबडत होतो, ते त्यांनी ऐकलं. म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. तेव्हापासून दर जूनला बारावीचा निकाल लागला की सर स्कूटरवरनं घरी यायचे आणि माझ्याकडनं यादी न्यायचे.

त्यांना तरी दुसरं काय होतं? आता फोनवर बोट फिरवलं की कुणी किती गडी मारले ते दिसतं. तेव्हा पेपरात चार ओळी यायच्या, त्यातही गावाचं नाव चुकलेलं. भोंग्यावर बोलणाऱ्याला प्रत्येक जण वाघच दिसायचा. बाकीची बातमी एसटीतनं फिरायची. एक कंडक्टर होता, त्याला कबड्डीचं लई वेड. भिगवणला एकानं तीन गडी मारले की बारामती येईपर्यंत त्याचे सात व्हायचे. मी त्याला एकदा म्हणालो, "आरं, समोर उभंच सात गडी असत्यात." तर म्हणतो, "मग मी सात म्हनलो, आठ म्हनलो का?"

गड्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. गावावरनं ओळख. लोणीचा, भिगवणचा, डाळजचा. यादीतही तसंच लिहिलं जायचं.

लिहायची आमची ही. ती सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. मी सांगायचो, ती मांडीवर पाट घेऊन लिहायची, एक कागद सरांना आणि एक आपल्या वहीत. पण नुसतं लिहील तर ती कसली! प्रत्येक गड्याला प्रश्न विचारायची. "ह्येला बाप हाय का?" "ह्यो पंचाशी भांडतो म्हनं, खरं का?" एकदा मी एकाला पहिला सांगितला तर तिनं लेखणी खाली ठेवली. म्हणाली, "त्यो गेल्या साली आपल्याकडं जेवला. ताटात भाकरी टाकून उठला. पयला न्हाय." मी म्हणालो, "तू भाकरी बघतीस का कबड्डी?" म्हणाली, "वसतिगृहात जेवायलाच ऱ्हानार हाय न्हवं?" तो गडी दोन महिन्यांत जेवणाला कंटाळून घरी पळाला. तेव्हापासून मी तिच्या प्रश्नांना उत्तरं देत गेलो.

तिचा भाऊ तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला हिनंच अंगाखांद्यावर वाढवलेला. त्यांचं गाव इंदापूरच्या पलीकडं, नदीच्या अंगाला. तिथनं बारामतीला यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागायच्या, आणि दुसरी गाडी आली तर आली. म्हणजे त्याला खाट मिळाली तर कॉलेज, नाहीतर नाही. सरळ हिशेब होता. तो त्यालाही ठाऊक होता, हिलाही, मलाही.

आणि तो चांगला होता. त्याची बारावी झाली त्या उन्हाळ्यात मी त्याचे नऊ सामने बघितले. तिसऱ्या सामन्यानंतरसुद्धा त्याच्या पायाखालची रेघ अंगठ्याएवढीच तुटलेली असायची. लोणीचा त्याच्याहून सरस, भिगवणचाही थोडा सरस. त्याच्यानंतर डाळजचा. म्हणजे हा तिसरा. यात मला कधी शंका आली नाही.

पण यादीच्या आठ दिवस आधी इंदापुरात एका चहाच्या टपरीवर दहा-बारा जण बसले होते. मला बघून एक जण मोठ्यानं म्हणाला, "या चुनेवाले! औंदा मेव्हन्याची खाट पक्की म्हना की. गादी पन तुमीच भरून देनार का?" सगळे हसले. मीही हसलो. चहा पिऊन निघालो. डोक्यातनं ते जाईना. इतकी वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्याचा मला गर्व होता. माझ्याकडं दुसरं होतं काय गर्व करायला?

यादीच्या दिवशी ही पाट घेऊन बसली. पहिला लोणीचा. दुसरा भिगवणचा. मग तिनं माझ्याकडं बघितलं. लेखणी धरून थांबली. मी म्हणालो, "तिसरा डाळजचा."

तिनं लिहिलं. चौथा, पाचवा, सहावा सांगितला. तेही लिहिलं. प्रत्येकाला प्रश्न विचारणारी बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मी म्हणालो, "सातवा तुझा भाऊ." तिनं तेही लिहिलं, त्याच अक्षरात. मग उठून चहा ठेवला.

सरांनी यादी बघून विचारलं, "अरे, तुझा मेव्हणा सातवा कसा? मी तर बरंच ऐकलंय." मी म्हणालो, "लोक वाढवून सांगत्यात, सर." सरांचा माझ्यावर विश्वास. ते गेले.

भाऊ कॉलेजला गेला नाही. ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तो मैदानावर दिसला नाही. मी चौकशी केली तर म्हणे खेळणं सोडलं.

त्या दिवाळीला भाऊबीजेला आला. जेवताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, सातव्याला लाडू मिळंल का, का पयल्या सहा जनांस्नीच वाढतीस?"

ही ताट वाढत होती, ती थांबली. म्हणाली, "ह्ये बघ. तुझं दाजी खोटं सांगत न्हाईत. तू कुठंतरी कमी पडला असशील. राग त्यांच्यावर काढू नगं."

तो खाली मान घालून जेवला. मी समोरच बसलो होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर बिघडलं काय असतं? मी भाताचा घास घेतला. नंतर असं चार-पाच वेळा झालं, आणि दर वेळी तिनं त्याला तेच सांगितलं. हळूहळू तोही ते मानायला लागला. कुणी कबड्डीचा विषय काढला की आपणच म्हणायचा, "न्हाय, मी तसा सातव्या नंबरचा गडी."

फोन आले, यादी बंद झाली, सर रिटायर झाले. मैदानाच्या जागी चटई आली, तिच्यावर रेघा छापूनच येतात. मी चुना मारत राहिलो, मग गुडघे गेले.

ही दवाखान्यात एकवीस दिवस होती. भाऊ एक दिवसाआड इंदापूरहून यायचा, शहाळं आणायचा. एका दुपारी तो जाऊन तासभर झाला असेल. मला वाटलं ती झोपली आहे. डोळे न उघडता म्हणाली, "एक इचारू का? त्यो खरंच सातवा हुता का वो?"

मी म्हणालो, "व्हय."

ती म्हणाली, "बरं." नंतर पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं. चौथ्या दिवशी ती गेली.

ते 'व्हय' मी कशापायी म्हणालो? सवयीनं म्हणालो असेन. ती विचारत होती म्हणजे तिला वाटत असणार. तीस वर्षं तिनं ते मनात ठेवलं आणि माझी बाजू घेतली. हे मला ती गेल्यावर समजलं, त्याचा आता कुणाला उपयोग?

गेल्या आठवड्यात तिची पेटी उघडली. लुगडी वाटून टाकायची होती. तळाशी ती वही होती. ते पान काढलं, घडी करून खिशात घातलं आणि सकाळची इंदापूर गाडी धरली.

मेव्हण्याचं आता स्टँडच्या मागं टायरचं दुकान आहे. तो ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता. मला बघून म्हणाला, "दाजी, फोन करायचा न्हवं, न्यायला आलो असतो." पाण्याचा तांब्या दिला. मी म्हणालो, "बस. काम हाय." तो बसला नाही, चाकाशीच उकिडवा राहिला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तू तिसरा होतास. टपरीवर लोक हसले म्हणून मी तुला सातवा सांगितला.

त्यानं पान्हा फिरवायचं थांबवलं नाही. दोन बोल्ट काढले. मग म्हणाला, "आक्काला ठावं हुतं?"

"न्हाय. दवाखान्यात तिनं इचारलं. तवाबी मी खोटंच बोललो."

आता पान्हा त्यानं खाली ठेवला. "मग मला कशाला सांगताय, दाजी? तिला सांगायचं हुतं. ती मला आयुष्यभर सांगत ऱ्हायली, तू कमी पडलास म्हनून. तुमच्यापायी." आवाज चढला होता. चाकवाला शेतकरी बाकावर बसला होता, तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

मी म्हणालो, "शिव्या दे."

"शिव्या दिऊन काय करू? खाट मिळनार हाय का आता?"

तो परत चाकाला लागला. मी बाकावर बसलो. जावं की थांबावं कळेना. चाकाची ट्यूब काढून त्यानं पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठनं येतात बघितलं, तिथं खूण केली. मग पाठ माझ्याकडंच ठेवून विचारलं, "तिसरा म्हंजे डाळजच्या वर का खाली?"

"वर."

"नक्की?"

"नक्की. त्यो रेघ घासायचा. तू न्हाय."

"घासायचाच त्यो," तो म्हणाला. "मी तवाच म्हनत हुतो."

मी खिशातनं पान काढलं. त्याला दाखवलं, आणि त्याच्या टेबलावरचं पेन उचललं. म्हणालो, "आन, दुरुस्त करतो. हितं तिसऱ्याला तुला लिवतो." त्यासाठीच तर मी आलो होतो. चौथी शिकलेल्याला एक आकडा तरी नीट लिहिता येतो.

त्यानं ओले हात पँटला पुसले आणि माझ्या हातातनं पेन काढून घेतलं.

"त्याला हात लावू नगा. आक्काचं अक्षर हाय."

पान त्यानं बराच वेळ बघितलं. सातव्या ओळीवर तिनं भावाचं गाव लिहिलं होतं, बाकीच्यांसारखंच. पान घडी करून त्यानं आपल्या खिशात ठेवलं, मला परत दिलं नाही. मी मागितलंही नाही.

मग बाहेर उभ्या शेतकऱ्याला हाक मारली, "या आत, होतंयच तुमचं." आणि मला म्हणाला, "दाजी, चार वाजता गाडी हाय. तवर बसा. आनि ह्यास्नी सांगा जरा त्या सालची यादी. पयल्यापास्नं. तोंडी."

मी सांगितली. पहिला लोणीचा, दुसरा भिगवणचा, तिसरा हा. शेतकऱ्यानं मान हलवली. त्याला कशाचं काय, काही माहीत नव्हतं. मेव्हणा ट्यूबला ठिगळ घासत होता. चौथा डाळजचा म्हणालो तेव्हा त्यानं घासणं थांबवलं, आणि म्हणाला, "पुढं."