हेर्लेकर मास्तरांचं पोटकलम

देशाच्या राज्यघटनेत आपलंही एक पोटकलम असावं, असं गडमुडशिंगीच्या शाळामास्तराला वाटणं म्हणजे जरा जास्तच झालं. पण १९७८ साली नृसिंह हेर्लेकर मास्तरांना तसं वाटत होतं, आणि ते गंमत करत नव्हते. आणीबाणी उठली होती. जुन्या सरकारनं घटनेची केलेली मोडतोड निस्तरायला नवं सरकार घटनादुरुस्ती आणणार होतं. कोल्हापुरात पानपट्टीवरसुद्धा जो तो त्यावर बोलत होता. मास्तर बोलत नसत, लिहीत बसत.

त्यांचं कलम साधं होतं. अन्यायाचा हुकूम पाळला नाही म्हणून कुणाही सरकारी नोकराची नोकरी जाऊ नये, पगार अडू नये. सुवाच्य अक्षरात प्रती काढून ते सायकलवरून सह्या गोळा करत फिरले. दोनशेवर सह्या झाल्या, कारण मास्तरांना नाही म्हणायची गावाला सवयच नव्हती. पत्नी विमलाबाई म्हणायच्या, "अहो, दिल्लीत तुमचं कोण ऐकतंय? चहा घ्या आधी, निवतोय." मास्तरांनाही आतून तेच वाटे. वर गेलेला कागद वरच राहतो, हे वीस वर्षं नोकरी केलेल्याला कुणी सांगायला नको.

खरं तर त्यांना दिल्लीचं पडलंच नव्हतं. त्यांना एकच सही हवी होती, आकारामची. ती मिळाली की आपण सुटलो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आकाराम त्यांचा जुना विद्यार्थी. आणीबाणीत शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला नसबंदीच्या पाच केसेस आणायचा हुकूम आला. न आणल्या तर पगार बंद. मास्तरांना चार मिळाल्या, पाचवी मिळेना. तेव्हा त्यांनी चोवीस वर्षांच्या आकारामला सायकलवर डबलसीट घेतलं आणि शिबिरात नेलं. त्याला एकच मुलगी होती. अर्जावर मास्तरांनी तीन अपत्यं लिहिली, त्याच सुवाच्य अक्षरात. मास्तर म्हणतात तर चांगलंच असणार, म्हणून आकारामनं न वाचता सही केली. पुढच्याच वर्षी ती मुलगी तापानं गेली.

हे सांगताना आजही संताप येतो, आणि तो नुसता सरकारवर येत नाही. त्याच शाळेतल्या बाबासो गुरुजींनी एकही केस दिली नव्हती. तीन महिने त्यांचा पगार अडला, सासुरवाडीहून ज्वारी आणून त्यांनी घर चालवलं, आणि पुढे पगार सुरू झाला. त्यांच्याजवळ कुठलंही पोटकलम नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मास्तर हिय्या करून गावच्या गुऱ्हाळावर गेले. आकाराम रसाच्या कढईखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारत होता. "या मास्तर," म्हणून हात पुसत उठला. मास्तरांनी कागद पुढे केला आणि कलम नीट समजावून सांगितलं. या वेळी आकारामनं सगळा कागद वाचला, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

"करतो की सही," तो म्हणाला. "पर एक सांगा मास्तर. ह्ये कलम तवा असतं, तर तुमी मला न्हेलं नसतं व्हय?"

'नसतं' हा शब्द मास्तरांच्या अगदी ओठावर आला होता. पण त्या वर्षी त्यांना हेडमास्तर व्हायचं होतं. केसेस पुऱ्या करणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव सगळ्यांत वर असावं, अशी त्यांची फार इच्छा होती. हे त्यांनी विमलाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

"नेलं असतं रे," ते म्हणाले.

आकारामनं नुसती मान हलवली. तो चिडला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि तो परत मास्तरांच्या हातात दिला.

"मग ऱ्हाऊ द्या. घटना कशापायी बदलायची?"

मास्तर सायकलकडे वळले. मागून आकारामनं हाक घातली, रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाला घालतात तशी, अगदी मोकळ्या आवाजात.

"रस घिऊन जावा की, पावणं."

पहिलीत आल्यापासून त्यानं त्यांना मास्तरशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.